अस्सल सुटा भाग

गाडी तिसऱ्या गिअरमध्ये जाईनाशी झाली, तेव्हा कारागिराने पहिला संशय स्वतःच्या मनगटावर घेतला. सत्तावन्नाव्या वर्षी मनगटाने कुरकुर केली तर तिला नवलाई म्हणता येत नाही. पण दोष मनगटाचा नव्हता. गिअरच्या दांड्याखाली, त्याला गिअरबॉक्सशी जोडणाऱ्या सळीच्या टोकाला, नखाएवढी एक नायलॉनची कडी असते. ती झिजून लांबट झाली होती.

कारागीर म्हणजे दातांचा कारागीर. दंतवैद्यांकडून तोंडाचे साचे येत आणि दुसऱ्या मजल्यावरच्या चिंचोळ्या खोलीत, मेण आणि प्लास्टरच्या वासात, तो त्यांवरून कवळ्या घडवी. समोरच्या दातांपैकी एखादा तो मुद्दाम केसभर तिरका बसवी, कारण सगळेच सरळ असलेले दात पाहणाऱ्याला लगेच कळतात. आठवडाभर मान खाली घालून अबोल काम करायचे आणि रविवारी पहाटे घाटरस्त्याने ती हिरवी, दोन आसनांची, छत मागे दुमडणारी गाडी वर न्यायची, हे बावीस वर्षांचे वेळापत्रक होते. पहिली गाडी अकरा वर्षे, दुसरी अकरा; कंपनी एकच. दोन्ही त्याने दुसऱ्याने वापरलेल्याच घेतल्या होत्या, तरी त्याचा एक नियम होता: कंपनीबाहेरचा कोणताही भाग गाडीला लागू द्यायचा नाही. साधा दिव्याचा बल्बही नाही. मेहुणा त्यावर म्हणायचा की, भावोजी, ताईला लग्नात एवढी वचने दिली असतीत तर घर वेगळेच दिसले असते.

हा मेहुणा प्रतिस्पर्धी कंपनीची गाडी चालवत असे. वीस वर्षे एकही कौटुंबिक जेवण या वादाविना उठले नव्हते.

कडी मागायला कारागीर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेला. काउंटरवरच्या बाईंनी पडद्यावर नंबर घातला आणि हसून विचारले, ‘‘पहिल्यांदाच येताय का आपल्याकडे?’’ त्याला ती थट्टा वाटली. बाईंनी समजावून सांगितले की तीन वर्षांपूर्वी नोंदींची व्यवस्था बदलली आणि जुन्या नोंदी नवीन व्यवस्थेत आल्या नाहीत. मग त्यांनी त्याचे नाव, पत्ता, व्यवसाय नव्याने लिहून घेतला. फाटकावरच्या रखवालदाराने मात्र त्याला पाहताच नेहमीसारखी सावलीतली जागा दाखवली होती.

कडी बंद झाली होती. ती आता सुटी मिळत नव्हती, पूर्ण गिअरबॉक्सबरोबरच मिळे. आणि तो गिअरबॉक्सही बंद झाला होता. हे सांगणाऱ्या वर्कशॉपप्रमुखाच्या आवाजात खेद नव्हता, हवामान सांगावे तसा तो बोलत होता. त्याने नवे मॉडेल दाखवले. त्यात गिअरचा दांडाच नव्हता. कारागिराने ते चालवून पाहिले. इंजिनाचा आवाज भरदार होता, इतका भरदार की त्याला तो सरळ बसवलेल्या दातांसारखा वाटला. त्याने गाडीतल्या पडद्यावर शोधून एक खूण दाबली, आणि गाडी शिलाई यंत्राएवढी शांत झाली.

आवाज सीटमागच्या स्पीकरमधून येत होता. ग्राहकांना आवडतो, असे विक्रेत्याने सांगितले.

घरी येऊन त्याने बूट आपटून काढले. बायको शब्दकोडे सोडवत होती. तिने सगळे ऐकून घेतले, एक उभा शब्द भरला आणि मग म्हणाली, ‘‘एवढं काय मनाला लावून घेताय? तुम्हीही आयुष्यभर लोकांना खोटे दातच लावत आलात.’’

‘‘लावतो ना. पण त्यांनी चावता येतं.’’

बायकोने कोडे मिटून ठेवले. तोवर तिला हे चिडणे नेहमीचे वाटले होते.

दांड्याची गाडी आता मेहुण्याचीच कंपनी बनवत होती, आणि शोरूममध्ये तशी एकच उरली होती. मेहुण्याने ती शनिवारपर्यंत राखून ठेवायला लावली. नवी गाडी घेऊन जुनी तिथेच सोडायची, असा व्यवहार होता. वीस वर्षे या क्षणाची वाट पाहिलेला माणूस टोमणा मारेल म्हणून कारागीर उत्तर तयार ठेवून बसला होता. मेहुणा मात्र आजाऱ्याशी बोलावे तसा हळू बोलत होता. त्यामुळे कारागीर अधिकच खवळला.

शुक्रवारी सकाळी चालवून पाहिली तर गाडी चांगली निघाली, हीच पंचाईत होती. वळणावर ती अंग चोरत नव्हती, आणि आवाज जिथून यायला हवा तिथूनच येत होता. फक्त त्याच्या गाडीत जिथे पहिला गिअर, तिथे हिच्यात रिव्हर्स. पाऊण तास प्रत्येक थांब्यावर तो दांड्यावरची आकृती वाचून हात हलवत राहिला. शोरूमच्या आवारात शेवटच्या वेळी थांबला, तेव्हा मात्र गाडी आवडल्याच्या भरात आकृती वाचायची राहिली. हात आपल्या जुन्या जागी गेला, त्याने क्लच सोडला, आणि गाडी मागे जाऊन दारातल्या कुंडीवर आदळली.

कुंडीचे काही नाही, असे विक्रेता पुन्हापुन्हा म्हणाला. मेहुणा खाली उतरून खापऱ्या गोळा करू लागला. ‘‘महिन्याभरात सवय होईल हाताला,’’ तो म्हणाला.

‘‘हात काय, लागेल वळणाला. मला तो लावायचा आहे का, तेच ठरत नाहीये.’’

‘‘उद्या संध्याकाळपर्यंत ठरवा, भावोजी. त्यापुढे ते थांबणार नाहीत.’’

त्याच शुक्रवारी दुपारी एका शिक्षिकेची अर्धी कवळी त्याच्या टेबलावर होती, वाकणाऱ्या नायलॉनची. ॲप्रनच्या खिशात झिजलेली कडी चार दिवस तशीच पडून होती. त्याने ती काढून कवळीशेजारी ठेवली आणि कितीतरी वेळ दोन्हींकडे पाहत राहिला. तोंडात वर्षानुवर्षे दिवसातून हजार वेळा दाबले जाणारे नायलॉन तो रोज ओतत होता. हे त्याच्या हातांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. त्याच्या नियमाने ते डोक्यापर्यंत पोचू दिले नव्हते. नियम पाळायचा तर गाडी जात होती, आणि गाडी ठेवायची तर नियम.

त्याने झिजलेली बाजू मेणाने भरून काढली, व्यास मोजला, साचा घेतला आणि नायलॉन दाबून भरले. रंग एकच होता, हिरडीचा. संध्याकाळी तो गाडीखाली शिरला, बायकोने टॉर्च धरला, आणि गुलाबी कडी जागेवर बसली. तिसरा गिअर ‘टक’ करून पडला.

शनिवारी त्याने मेहुण्याला शोरूममधली राखून ठेवलेली गाडी सोडून द्यायला सांगितले. मेहुण्याने वाकून कडी पाहिली. ‘‘म्हणजे गाडीला कवळी बसवलीत,’’ तो म्हणाला, आणि उभा राहून, न हसता, ‘‘मग आता तुम्ही कोणाचे?’’

कारागिराने गाडीत बसून तिसरा गिअर पुन्हा टाकून पाहिला. रविवारी घाट चढताना तिसरा गिअर एकदाही चुकला नाही, आणि प्रत्येक वेळी तो बिनचूक पडला की त्याच्या रागात भर पडत गेली. एका दुपारचे काम. तेवढ्यासाठी कंपनीवाले बावीस वर्षे त्यांच्याशीच बांधून राहिलेल्या माणसाला दाराबाहेर काढायला निघाले होते. वर पोचल्यावर नेहमीसारखे छत उघडून बसणे त्याला जमले नाही. गाडी वळवून तो सरळ घरी आला.

सोमवारी कंपनीतून फोन आला. पहिल्या भेटीबद्दल आभार मानून एक मुलगी सेवेला दहापैकी गुण मागत होती. त्याने मेणाची सुरी खाली ठेवली.

‘‘गुण राहू देत. माझं नाव तुमच्या यादीतून काढून टाका. बावीस वर्षांचा ग्राहक आहे मी, आता नाही.’’

पलीकडे बराच वेळ बटणे वाजली.

‘‘गेल्या आठवड्याचं काढते, सर,’’ मुलगी नम्रपणे म्हणाली. ‘‘पण ते बावीस वर्षांचं काढता येणार नाही. ते इथे नाहीच आहे.’’