घरी नव्हते

पीएच.डी. झाल्यावर मला नोकरी मिळेना. झाली नसती तर मिळाली असती, हे कळायला जवळजवळ वर्ष गेलं.

माझा विषय रसायनशास्त्र, त्यातही पाण्यात उतरणारे जड धातू. कॉलेजांत कायमच्या जागा भरत नव्हते, आणि तासिका तत्त्वावर शिकवून हातात पडायचं ते सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून कारखाने आणि खासगी लॅबकडे अर्ज करू लागले. मुलाखतीला बोलावत, चहा देत आणि आदराने घरी पाठवत. एका रंगाच्या कारखान्याचे मालक म्हणाले, "बाई, आमच्याकडे बादलीत रंग ढवळतात. प्रबंध लिहीत नाहीत." दुसरीकडे विचारलं, "आमचा मॅनेजर बी.एस्सी. आहे. त्याने तुम्हाला काम सांगायचं कसं?" तो प्रश्न मॅनेजरचा होता.

शेवटी नोकऱ्या लावून देणाऱ्या एका कंपनीतल्या मैत्रिणीने माझ्या अर्जातून पीएच.डी. काढून टाकली, आणि हात फिरतोच आहे तर एम.एस्सी.सुद्धा. "आधी आत शीर," ती म्हणाली, "मग काय सांगायचं ते सांग." मला पटलं नव्हतं. पण नाही म्हणायचं त्राणही उरलं नव्हतं.

आठवडाभरात हडपसरच्या एका लॅबचं बोलावणं आलं. कारखान्यांचं, सोसायट्यांचं, टँकरचं पाणी तपासून रिपोर्ट देणारी छोटीशी जागा. मालक साठीचे, बोलणं मोजकं. प्रश्न सोपे होते आणि मी जपून, बेताबेतानेच उत्तरं देत होते. मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"बी.एस्सी.नंतरची बरीच वर्षं दिसत नाहीत कुठे. लग्न, मूल... घरी होतात ना?"

प्रश्नातच त्यांनी उत्तर दिलं होतं. मान हलवली की झालं.

पण मला सासूबाई आठवल्या. सातवीपर्यंत शिकलेल्या. मुलगी तान्ही असताना "तू जा, हिला मी बघते" म्हणून त्यांनीच मला लॅबमध्ये परत पाठवलं होतं. दुपारी तिला घेऊन बिबवेवाडीहून निघायच्या, स्वारगेटला बस बदलायच्या आणि विद्यापीठात यायच्या, मला पाजता यावं म्हणून. झाडाखाली बसून मी मुलीला पाजायची आणि त्या शेजारी बसून विचारायच्या, "आज काय सापडलं?" बिल्डिंगमधल्या कुणी खवचटपणे म्हटलंच, "सून घरी दिसत नाही कधी," तर त्यांचं उत्तर तयार असायचं, "घरी दिसायला तिला वेळ कुठाय?"

"नाही," मी म्हणाले. "घरी नव्हते. एम.एस्सी. केलं, मग पीएच.डी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग लिहिलं का नाहीत?"

"लिहिलं की चहा देऊन परत पाठवतात."

ते हसले नाहीत. "इथे बाटल्या धुवाव्या लागतात."

"पीएच.डी.त बहुतेक तेच केलंय."

"सहा महिन्यांत सोडून जाल."

"जाईनही. पण तेवढे सहा महिने तुमच्या रिपोर्टवर कुणी बोट ठेवणार नाही."

"कळवतो," ते म्हणाले. हा शब्द माझ्या चांगल्या ओळखीचा होता.

परतताना बसमध्ये बसायला जागा नव्हती आणि कुणाची तरी पिशवी सारखी पोटऱ्यांना लागत होती. तरी कित्येक दिवसांनी मला मोकळं वाटत होतं. नोकरी गेली तर जाऊ दे, मी सगळीच्या सगळी तिथे बसून आले होते.

सासूबाई मेथी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. पदवी गाळल्याचं त्यांना तोवर माहीत नव्हतं.

"गाळली?" हातातली काडी तशीच धरून त्या म्हणाल्या. "कुणाला विचारून? त्यातली निम्मी माझी आहे."

"चुकलं, आई. आता नाही गाळणार."

"गाळून तर बघ."

चार दिवसांनी फोन आला. "सोमवारपासून या. पगार मात्र बी.एस्सी.चाच मिळेल." मी म्हणाले, सहा महिने चालेल, मग पुन्हा बोलू. सहा महिन्यांनी बोललेही, आणि त्यांनी फार खळखळ न करता पगार वाढवला. त्याआधीच त्यांनी रिपोर्टवर मारायला माझ्या नावाचा शिक्का करून घेतला होता, पुढे 'डॉ.' लावून. मी बघतच राहिले तेव्हा म्हणाले, "गिऱ्हाइकांना बरं वाटतं." आमच्यात कौतुकाचे म्हणावेत असे तेवढेच शब्द झाले. पुढे ती लॅब मी चालवली, पुष्कळ वर्षं.

त्या पहिल्याच वर्षी सासूबाईंनी सोसायटीच्या टाकीतलं पाणी स्वच्छ बाटलीत भरून माझ्या हातात दिलं. "तपासून दे. नीट, शिक्क्यासकट." पाणी पिण्यायोग्य निघालं. रिपोर्ट घेऊन त्या स्वतः खाली गेल्या आणि सूचनाफलकावर त्यांनी तो टाचण्या मारून लावला. संध्याकाळी आम्ही भाजी घेऊन आलो तेव्हा सेक्रेटरी फलकापाशीच उभे होते.

"आजी, पाण्याबद्दल कुणाची तक्रार होती का?"

"छे हो," त्या म्हणाल्या, "खाली सही कुणाची आहे ती वाचा."

सेक्रेटरींनी ती पदवीसकट मोठ्याने वाचली. मी पिशव्या सांभाळत मागेच उभी होते, आणि एरवीसारखं मला लाजून पुढे निघून जावंसं वाटलं नाही.