आपण प्राप्तिकर भरता का?

"त्यांनी एकच प्रश्न विचारला, कोळणीला उत्तर सुचले नाही, आणि ती आपण होऊन फाटक सोडून गेली. तर्काची ताकद ती हीच." आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांच्या शोकसभेत सचिवांनी हे सांगितले, सभेने माना डोलावल्या, आणि आता ते गृहपत्रिकेत छापूनही आले आहे. यातला प्रश्न तेवढा खरा आहे. बाकीचे असत्य आहे. त्या सकाळी मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो. सचिव नाशिकला लेकीकडे गेले होते.

तो प्रश्न ते कुणालाही विचारीत. तर्जनी चष्म्याच्या दांडीला लावायची आणि मऊ आवाजात म्हणायचे, "आपण प्राप्तिकर भरता का?" रिक्षावाल्याला, पाववाल्याला, नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला. समोरचा "नाही" म्हणाला की यांचा चेहरा निवळे. "मग आपण बोलू नये." तुम्हीही अशी माणसे पाहिली असतील. आदरार्थी बहुवचनात केलेला अपमान हा अपमान नसतो, अशी त्यांची ठाम समजूत होती.

त्यांचे दुःख मात्र खोटे नव्हते. हेही मलाच सांगितले पाहिजे, कारण शोकसभेत ते कुणालाच आठवले नाही. डोंबिवलीतल्या एका बँकेत त्यांची हयात गेली. कर कापून उरलेला पगार हाती यायचा, आणि बँकेसमोरचा सोनार नवी गाडी घेऊनही यांच्यापेक्षा कमी उत्पन्न दाखवायचा. "लेकीच्या फीसाठी मी पतपेढीच्या दारात उभा होतो हो," हे सांगताना त्यांचा आवाज दर वेळी फाटत असे. यातूनच त्यांचा सिद्धांत निघाला होता: प्राप्तिकर रद्द करा, कर खर्चावर लावा. "सोनार मिळकत लपवील, खर्च कुठे लपवील?"

निवृत्तीनंतर आम्ही दोघेही कोलशेतच्या या इमारतीत राहायला आलो. बागेतल्या बाकावर रोज संध्याकाळी आमचा वाद होई. मी म्हणे, "ज्याची सगळी कमाई पोटातच जाते, त्याच्या सगळ्या कमाईवर तुमचा कर बसेल. सोनार खर्चून उरेल तेवढ्यावर सुटेल."

"आपण वादाला शोभता," ते म्हणत, "हिशेबाला नाही."

ती कोळीण खाडीकाठच्या गावठाणातली. इमारत उभी राहिली नव्हती तेव्हापासून तिची मासळीची पाटी त्याच जागी होती. बिल्डरने फाटक बांधले, त्याला लागून दगडी ओटा केला, आणि ती जमिनीवरून ओट्यावर आली, एवढाच फरक. ओटा सोसायटीचा, म्हणजे करदात्यांचा, हे गृहस्थांनी शोधून काढले. तिला उठवण्यासाठी अर्ज तयार केला. त्यावर सही प्राप्तिकर भरणाऱ्यांनीच करायची, अशी अटही घातली. अर्ज हातात घेऊनच त्या सकाळी ते तिच्यासमोर उभे राहिले, आणि चष्म्याच्या दांडीला बोट गेले.

ती बोंबील साफ करीत होती. "तो काय आसतो?"

त्यांनी समजावून सांगितले. जे भरत नाहीत ते भरणाऱ्यांच्या जिवावर बसतात, हेही सांगितले.

"काका, साबनावर भरते, बर्फाचे खोक्यावर भरते, सासूच्या दवाच्या गोल्यांवर भरते. दुकानवाला तुमचेकरशी जास्ती घेतो न माजेकरशी कमी, आसा हाय काय?"

मासळीसाठी थांबलेल्या दोघी बायका हसल्या. ज्या कराची मागणी ते रोज बाकावर बसून करीत, तो ही बाई कधीपासून भरत होती. निरुत्तर कोण झाले, हे तुम्हीच ठरवा. तिने कोयता बाजूला ठेवला आणि विचारले, "न तुमी किती भरताव?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग अर्जाची घडी केली आणि जिना चढून गेले.

दुसऱ्या दिवशी फाटक उघडण्यापूर्वी त्यांनी वॉचमनकडून ओट्यावर फिनेल ओतून घेतले. स्वतः उभे राहून. "जरा सांध्यांतही जाऊ द्या," हे शब्द मी गॅलरीतून ऐकले. ती आली, दोन कळश्या पाणी आणून ओटा धुतला आणि बसली. तिसऱ्या दिवशी तिने घरून फळी आणली. पण दगडात मुरलेला वास फळीला जुमानत नाही. गिऱ्हाईक वाकायचे, नाक मुरडायचे, पुढे जायचे. माझी पत्नीच म्हणाली, "आज पापलेटाला दवाखान्याचा वास येतोय," आणि तिने घेणे थांबवले. पाटी भरलेली यायची, भरलेली जायची. सहाव्या दिवशी ती आली नाही. ओट्यावर क्रोटनच्या कुंड्या ठेवल्या गेल्या आणि गृहस्थ मला म्हणाले, "पाहिलंत, माणसाला तर्क पटतो." नंतर कुणी सांगितले की ती कळव्याच्या बाजारात कुणाच्या तरी पाटीवर रोजाने बसते.

तिच्या प्रश्नावर त्यांनी माझ्याकडे का पाहिले, हे त्या जागी मला एकट्याला कळत होते, आणि मी बोललो नाही. मी चाळीस वर्षे एका करसल्लागाराकडे काढली. निवृत्तीनंतर गृहस्थांचे विवरणपत्र दर जुलैत त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर बसून मी भरीत असे. दुसऱ्याचे कागद चव्हाट्यावर मांडू नयेत, हा आमच्या धंद्याचा नियम. त्या नियमाआड उभा राहून मी चार दिवस फिनेलचा वास घेतला. पण ज्या माणसाने आपली गोष्ट झाकून ठेवली, त्याच्या नावाने उलटी गोष्ट छापली जात असेल, तर तो नियम मला बांधत नाही. सचिवांनी पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी. लांबलचक खुलाशाची गरज नाही, दोन ओळी पुरेत.

निवृत्तीनंतरच्या एकाही वर्षी कायद्याने त्यांना प्राप्तिकर लागू झाला नाही. बँकेने ठेवींच्या व्याजातून जो कर कापला, तो दर वर्षी मीच त्यांना पैसा न् पैसा परत मिळवून दिला.