साडेआठच्या अप्पाची बाजू

गिरणी चालू असली की शेजारच्याचंही शेजारच्याला ऐकू येत नाही. म्हणून तिथे जो बोलतो तो ओरडूनच बोलतो. आणि एक डबा संपून दुसरा ओतायच्या आधी गिरणीवाला पीठमामा मोटर बंद करतो, तेव्हा ज्याचं वाक्य अर्ध्यात असेल त्याची शोभा होते. त्या दिवशी ती शिवणकाम करणाऱ्या मावशीची झाली.

"अप्पाला भर चौकात जोड्यानं हाणला पाहिजे!"

मोटर बंद. समोरच्या सायकलवाल्यानं मान वर केली. रस्त्यानं चाललेले एक वयस्कर गृहस्थ, ज्यांना घरी बहुधा अप्पाच म्हणत असावेत, भराभर पावलं उचलत निघून गेले.

"साडेआठच्या अप्पाला हो!" मावशीनं त्यांच्या पाठीला सांगितलं.

साडेआठची म्हणजे साडेआठला लागणारी मालिका. तिला चांगलं चार शब्दांचं नाव होतं, पण ते फक्त टीव्हीवाले घेत. अप्पा हा त्यातला बाप. मुलगी मनाविरुद्ध वागली म्हणून त्यानं तिला घराबाहेर काढलं होतं. तेव्हापासून गिरणीत गव्हापेक्षा अप्पाचंच दळण जास्त निघत होतं.

"हाणून काय होणार?" नर्सबाई डबा पुढे सरकवत म्हणाल्या. दवाखान्यातून सुटल्या की घरी जाता जाता त्या दळण घेऊन जात. "आतून खचलाय तो. परवा कपाटातून पोरीचा लहानपणचा फ्रॉक काढला की नाही? मागे बासरी वाजली. बासरी वाजली म्हणजे माणूस नरमला. ताप उतरायच्या आधी घाम फुटतो ना, तसंच ते."

"म्हणजे लवकरच बोलावेल तिला?" पीठमामानं विचारलं.

"दोन-तीन भागांत बघा. पण तुम्हाला हो कसली एवढी घाई?"

पीठमामानं मोटर चालू केली. अडचणीच्या प्रश्नावर इतका हुकमी उपाय फार थोड्या धंद्यांत मिळतो.

त्याला घाई होती, आणि तिचं कारण घरात होतं.

पीठमामालाही एक मुलगी होती. गिरणीत लहानाची मोठी झालेली, बोटांच्या चिमटीत पीठ चोळून जाड की बारीक ते डोळे मिटून सांगणारी. शिकली, लांबच्या शहरात नोकरी लागली, आणि निघाली. पीठमामा म्हणाला, जायचं नाही. ती म्हणाली, जाणार. मग त्याच्या तोंडून ते वाक्य गेलं, जे त्यानं आयुष्यात फक्त टीव्हीवर ऐकलं होतं: "या दारातून गेलीस तर पुन्हा तोंड दाखवू नकोस." मुलीनं बापाचं जन्मात एक ऐकलं नव्हतं. नेमकं हे एक ऐकलं.

त्या दिवसापासून बायको त्याच्याशी बोलेनाशी झाली. भांडली असती तर परवडलं असतं. ताट वाढून झालं की ती भिंतीला सांगायची, "वाढलंय." तो भिंतीलाच म्हणायचा, "आलो." भिंतीचा संसार जोरात चालला होता.

मग साडेआठच्यात अप्पानं पोरीची बॅग दाराबाहेर फेकली, आणि बायको पडद्याकडे बघत म्हणाली, "मेल्याला लाजही वाटत नाही."

कित्येक महिन्यांनी घरात माणसाचा आवाज झाला होता. पीठमामाची जीभच अडखळली. "त्याचीही काही बाजू असेल," तो कसाबसा म्हणाला.

"कसली बाजू? पोर काय चोरी करून चालली होती?"

"काळजी असते बापाला. तोंडानं सांगता येत नाही."

"बॅग फेकता येते ती बरी?"

रोज साडेआठ ते नऊ अशी त्यांची जुंपू लागली. ती अप्पाला शिव्या घालायची, तो अप्पाचं वकीलपत्र घेऊन बसायचा. नऊला जाहिराती लागल्या की दोघं पुन्हा मुकी. पण तो अर्धा तास होता म्हणून पीठमामा उरलेला दिवस रेटत होता. आणि त्याचा एक बेतही होता, गिरणीवाल्यालाच सुचावा असा: पहिला पसा जात्यातच राहतो, म्हणून तो दुसऱ्यानं ओतायचा. आधी अप्पानं नरमायचं. अप्पा पोरीला घरी घेऊन आला, की आपण म्हणायचं, "बरं केलं अप्पानं." मग जरा थांबून, "आपणही..." पुढचं बायको समजून घेईल. फ्रॉक निघाला त्या रात्री त्याला वाटलं, आला घाट उतरणीला.

आणि पुढच्याच आठवड्यात नर्सबाई बातमी घेऊन आल्या. "ऐकलंत का? अप्पा दुसऱ्या वाहिनीवर पळाला! आपली साडेआठची शुक्रवारी बंद."

"मग तो पोरीला बोलावणार कधी?"

"तो आहेच कुठे आता बोलवायला?"

शुक्रवारी पीठमामा लवकर गिरणी बंद करून, भुवयांवरचं पीठसुद्धा न झटकता टीव्हीसमोर बसला. बायको शेजारी. पडद्यावर अक्षरं आली: वीस वर्षांनंतर. धाकट्या मुलाच्या लग्नाची गडबड. भिंतीवर अप्पाचा हसरा फोटो, पुढे फुलं. मुलीचं नावही कुणी काढलं नाही. सगळे ओळीनं उभे राहून हसले आणि मालिका संपली.

"असा कसा मेला?" पीठमामाच्या तोंडून निघालं. "न बोलावता?"

बायकोनं रिमोट हळूच खाली ठेवला. "अशीच मरतात ती माणसं," ती म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर ती साडेआठला बाहेर आलीच नाही. भिंतीलाही काही सांगेना. ताट ठेवल्याचा आवाज तेवढा यायचा.

पीठमामा बुडत्यासारखा काडी शोधत सुटला. "नर्सबाई, हल्ली काय बघता तुम्ही?"

"ती परदेशी. खाली अक्षरं येतात. काय सुंदर हो! आठच भाग, पाल्हाळ नाही."

"बाप आहे का त्यात?"

"आहे की. फार समजूतदार."

"समजूतदार नको."

नर्सबाईंनी त्याच्याकडे रुग्णाकडे पाहावं तसं पाहिलं. तो मावशीकडे वळला. "तुमची ती पोलिसांची?"

"झकास आहे. शेवटपर्यंत खुनी कळत नाही."

"त्यात बाप?"

"पहिल्याच भागात खून होतो त्याचा."

"हाकलून देणारा, पण जिवंत असलेला एखादा बाप नाही का कुठे?"

"सातच्या मालिकेत होता बाई एक," मावशी म्हणाली. "अगदी अप्पाचा भाऊ शोभेल. पण त्यानं गेल्याच आठवड्यात पोरीला घरी आणली. संपली ती."

अर्धा डबा वर तसाच ठेवून पीठमामानं मोटर बंद केली. असं त्यानं कधी केलं नव्हतं. "आणली? म्हणजे काय बोलला तो?"

"काय बोलणार? गेला तिच्या दारात, उभा राहिला. म्हणाला, चुकलं. दोघं रडली, गाणं लागलं."

"एवढंच?"

"एवढंच. मला नाही बाई पटलं. असं म्हणतो का कुठला बाप?"

त्या संध्याकाळी पीठमामानं टीव्ही लावला. पोलिसांची मालिका सुरू होती. "हा इन्स्पेक्टर जरा जास्तच बोलतो," तो मोठ्यानं म्हणाला. स्वयंपाकघरात भांडी वाजत राहिली. "आणि खुनी हाच असणार, बघ." भांडी. मग त्यानं टीव्ही बंद केला. गिरणीत मोटर थांबल्यावर होते तशी शांतता झाली, आणि त्यात त्याचं वाक्य उघडं पडलं.

"बापाचं चुकलं."

भांडी थांबली. बायको हात पुसत दारात आली. "कुठल्या सिरियलमधल्या?"

"टीव्ही बंद आहे," तो म्हणाला.

तिनं काळ्या पडद्याकडे पाहिलं. मग शेजारी येऊन बसली. "मला सांगून काय उपयोग? तिला सांगा."

"सांगतो. नंबर दे."

"माझ्याकडे कुठला?"

पीठमामा हसला. "असू दे गं आता. आईकडे असतोच. तू शेजारी जाऊन गुपचूप बोलतेस, मला काय कळत नाही?"

"शेजारी मी रडायला जाते."

त्याचं हसू तसंच तोंडावर राहिलं, काढून कुठे ठेवावं ते कळेना. पाहिलेल्या प्रत्येक मालिकेत बाप दाराला कडी घालतो आणि आई मागच्या खोलीत फोन घेऊन बसते. तेवढ्या भरवशावर तो इतके दिवस निश्चिंत होता. आपण अडून बसलो तरी धागा तुटलेला नाही, दुसरं टोक हिच्या हातात आहे.

"तिचा जुना नंबर?" त्यानं विचारलं.

"लावला होता. असा नंबरच नाही म्हणतात." तिनं त्याच्याकडे पाहिलं. "मला वाटायचं, ती गिरणीत फोन करत असेल. तुम्ही तिचा आवाज ऐकून ठेवून देत असाल. म्हणून तर बोलत नव्हते तुमच्याशी."

गिरणीत फळीवर जुना लाल फोन होता. मुलीला लहानपणापासून पाठ असलेला तो एकच नंबर.

"गिरणीत?" पीठमामाचा आवाज फाटला. "अगं, मोटर चालू असताना माणूस कानाशी ओरडला तरी मला कळत नाही. तो फोन वाजला असेल तर..."



सकाळी मावशी डबा घेऊन आली, तर गिरणीत स्टुलावर पीठमामाची बायको. फळीवरचा लाल फोन पुसून मांडीवर घेतलेला, त्यावर दोन्ही तळहात. ऐकू नाही आलं तरी थरथर कळेल.

"काय हो वहिनी, आज इकडे?" मावशी मोटरीवर आवाज चढवून ओरडली. "नवीन काय बघताय सध्या?"

बायकोचं लक्ष नव्हतं. तिनं अचानक हात वर केला. पीठमामानं धाव घेऊन मोटर बंद केली. मावशी, सायकलवाला, सगळेच जागच्या जागी थबकले. पट्टा फिरत फिरत थांबला. हवेतलं पीठ हळूहळू खाली बसलं.

फोन गप्प होता.

"मला वाटलं, हलला," बायको म्हणाली. "मोटरीचीच थरथर असेल."

"असू दे," पीठमामा म्हणाला. "पुन्हा वाटलं तरी हात वर कर. मी बंद करीन."

आणि त्यानं उरलेलं अर्धं दळण पुन्हा सुरू केलं.