आमसुलाऐवजी अंबाडी

आमच्या समोरच्या क्वार्टरमधल्या काकू स्वयंपाकात एखादा जिन्नस नसला तरी अडून बसत नाहीत. त्याऐवजी काय घातलं, ते वाढतानाच सांगून टाकतात.

आई गेल्यावर दोन महिन्यांनी बाबांनी पहिल्यांदाच काही मागितलं, तिच्या हातच्यासारखी आमटी. घरातलं आमसूल संपलेलं, जबलपुरात कुठे मिळेना.

"काहून रडून राहिली? माझ्याकडे अंबाडीची वाळलेली फुलं आहेत, आमसुलासारखीच आंबट," काकू म्हणाल्या आणि त्यांनीच आमटी केली.

बाबांनी घोट घेतला. "तिच्यासारखी नाही झाली."

मी घाबरले. काकू शांतपणे म्हणाल्या, "नाहीच होणार, भाऊजी. वहिनींची आमटी त्यांच्यासंगच गेली. ही माझी आहे, अंबाडीची. अजून वाढू?"

बाबांनी वाटी पुढे केली.