लाईट आली की पाणी

२३ नोव्हेंबर. अँथुरियमची कुंडी वर्तमानपत्रावर पालथी केली आणि कात्री घेऊन मुळं कापायला बसले. चांगलं मूळ पांढरं आणि टणक असतं. ही तपकिरी झाली होती. चिमटीत धरली की साल हातात यायची आणि आत नुसता दोरा उरायचा. वास गटारीचा. निम्म्याहून जास्त मुळं कापली, उरलेल्यांना हळद लावली आणि कोरड्या कोळशात नि नारळाच्या सालीत रोप परत बसवलं. अजून बऱ्याच कुंड्या रांगेत होत्या. बाहेरच्या खोलीत माझी बॅग भरून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी मला गडहिंग्लजच्या पुढे नेसरीला माहेरी जायचं होतं. भावाच्या नव्या घराची वास्तुशांत, आणि यावेळी चार दिवस राहायचंच असं मी ठरवलं होतं. आबा आमच्याकडे आल्यापासून मी माहेरी एक रात्रही काढलेली नव्हती.

आबा म्हणजे माझे सासरे. गडमुडशिंगीच्या घरी मागच्या परड्यात पडले, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा त्यांना कोल्हापुरात आमच्या फ्लॅटवर आणलं. मागची खोली त्यांना दिली, कारण संडास तिला लागून आहे. त्या खोलीला ऊन नाही. शेजारची इमारत उठल्यापासून खिडकीतून फक्त दुसऱ्यांचे पाइप दिसतात. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, त्यामुळे आबा खाली उतरत नाहीत. त्यांना एकटं ठेवता येत नाही, त्यामुळे मीही बेताचीच उतरते. लॅबमधली नोकरी सोडली ती त्यामुळेच.

घरात बसून काय जमेल हे शोधताना ही झाडं हाती लागली. दमट जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी जात. ऊन नसलं तरी चालतं, दिवे पुरतात. आबांच्या पलंगासमोर लोखंडी रॅक ठेवला, प्रत्येक फळीखाली एलईडीच्या पट्ट्या लावल्या, त्यांना टायमर जोडला. सकाळी सहाला दिवे आपोआप लागतात, संध्याकाळी आपोआप जातात. रोपं तयार झाली की विकते. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, झाडांमुळे घर किती प्रसन्न वाटतं. मला तसं काही वाटत नाही. पानं पुसायची, कीड बघायची, ट्रेमधलं पाणी बदलायचं. त्या खोलीत एकाला भरवायचं आणि बाकीच्यांना पुसायचं, असा माझा दिवस जातो.

दिवाळीच्या आसपास मुळं कुजायला लागली. मी आधी कुंड्यांतल्या कोकोपीटला, नारळाच्या भुशाला, दोष दिला, मग पंखा लावून बघितला. शेवटी एकदा पहाटे लवकर उठून खोलीत गेले तर सगळा उलगडा झाला. दिवे लागले आणि आबा उठून बसले. वॉकर पुढे घेतला, बाथरूममधून मग भरून आणला आणि पहिल्या कुंडीपासून ओळीने पाणी पाजायला लागले. अर्धं कुंडीत, अर्धं फरशीवर.

"आबा, काय करताय?"

"लाईट आलीया न्हवं. परत कवा जाईल, काय सांगावं."

जन्मभर त्यांनी ऊस केला. शेतातल्या मोटरीला वीज पाळीने यायची, कधी भर दुपारी, कधी मध्यरात्री. मोटरीच्या खोपटातला बल्ब लागला की जेवणावरून उठायचं, झोपेतून उठायचं आणि उसाच्या सऱ्या भिजवून घ्यायच्या. वीज असताना माणूस बसून राहिला असं त्या घरात कधी घडलं नाही. खोलीतली ट्यूब आम्ही बटण दाबून लावतो, तिच्याकडे ते बघतही नाहीत. रॅकचे दिवे मात्र आपोआप येतात.

"ह्यांना आठवड्यातनं एकदा घोटभर पाणी लागतं, आबा."

"घोटभरानं ऊस कधी वाढलाय व्हय?"

"हा ऊस न्हाय."

"मग काय हाय?"

"शोभेचं झाड हाय."

"मग शोभंला तहान लागत न्हाय व्हय?"

पुन्हा पाणी घालणार नाही असं कबूल करायचे आणि सकाळपर्यंत विसरायचे. बाथरूममधला मग लपवला, तर उशाशी ठेवलेला प्यायच्या पाण्याचा तांब्या ओतला. तांब्या हलवला, तर चहाच्या कपाने खेपा घातल्या. एका हातात कप, दुसऱ्या हातात वॉकर, खाली ओली फरशी. झाडं मेली तर नवी लावता येतात. खुबा दुसऱ्यांदा मोडला तर मी या खोलीतून कधी बाहेर पडणार, हा हिशोब मला रोज सकाळी दिसत होता. म्हणून मी सहाच्या आधी उठून दारात उभी राहायला लागले.

मुळं कापत असतानाच आक्काचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, फोन आला.

"येतीस न्हवं? का परत झाडं आजारी पडली?"

"मुळं कुजल्यात, आक्का."

"कुजू देत की! भावाचं घर काय दरवर्षी हुतंय?"

"आबा बी हायत."

"आबांस्नी ल्योक हाय का न्हाय? का तूच एकटीनं जन्माला घातलंयास त्यास्नी?"

ल्योक, म्हणजे माझा नवरा, फौंड्रीतून आला होता आणि चहा घेत होता. त्याने रजा काढली होती. आबांचं जेवण, औषध, अंघोळ हे सगळं घरी असला की तो करतो, तक्रार नाही. मी विचारलं, "सकाळी त्यांना पाणी घालू देणार नाहीस ना?"

"मी त्यांना काय सांगू? लहानपणी झोपेतनं उठवून पाणी पाजायला न्यायचे मला. नको म्हणायची टाप होती का?"

"आणि आता?"

"आता पण न्हाय की."

ते खरं होतं. मागे एक दिवस मला पहाटेच दवाखान्याच्या कामाला जावं लागलं, तेव्हा यानेच आबांना बादली भरून दिली होती.

"मग त्यांना हॉलमध्ये झोपवू, खोलीला कुलूप लाव," तो म्हणाला.

"आणि आबांना रात्री संडासला हॉलमधून चालत पाठवू?"

मी बॅगेतून साड्या बाहेर काढल्या. थोड्या वेळाने परत आत ठेवल्या.

संध्याकाळी रॅकचे दिवे गेले. आबा म्हणाले, "गेली," आणि हात पुसल्यासारखे एकमेकांवर घासून आडवे झाले. मी रिकामा कप उचलायला वाकले होते, टायमर समोरच होता. चार दिवस अंधारात राहिल्याने ही झाडं मरत नाहीत, पाण्याने मरतात. आणि दिवे आलेच नाहीत तर आबा उठणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या आधी मी टायमर भिंतीतल्या सॉकेटमधून उपटला. आबा जागे होते, पलंगाच्या कडेला पाय सोडून रॅककडे बघत बसले होते.

"आज लाईट न्हाय व्हय?"

"न्हाय, आबा."

"डीपी जळली असंल."

"असंल."

"कवा येतीया म्हणं?"

"चार दिवस तरी लागतील."

त्यांनी हरकत घेतली नाही, कारणही विचारलं नाही. ट्रान्सफॉर्मर जळाला की दिवसेंदिवस वीज नाही, असलं त्यांनी जन्मभर ऐकलेलं होतं. पाय वर घेतले, चादर ओढली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मी ट्यूब लावली, तरी ते वळले नाहीत.

नवऱ्याला सांगितलं, ऊन आलं की त्यांना गॅलरीत खुर्चीवर बसव. टायमर बॅगेत टाकला, कारण घरी ठेवला असता तर आबांचं तोंड बघून त्याने दुपारपर्यंत परत जोडला असता. जिना उतरले, रिक्षा केली आणि स्टँडवर गडहिंग्लजच्या गाडीत जाऊन बसले.