हुंगलेलं फूल

माझ्या मेहुणीच्या नाकाखालून गेल्याशिवाय पृथ्वीवरची कोणतीही वस्तू माणसापर्यंत पोचू नये, असा नियम खुद्द ब्रह्मदेवाने केला असावा. निदान ती तरी तसं धरून चालते. नेदरलँड्समधल्या एका प्रयोगशाळेत ती डॉक्टरांनी लिहून दिलेला, औषधाच्या दुकानात मिळणारा गांजा तपासते. पुण्याचे नातेवाईक भेटले की माझे सासरे "औषधी वनस्पतींवर काम करते" असं मोघम सांगतात आणि ही आतून ओरडते, "गांजा म्हणा हो बाबा, लाज कसली? वाळलेली फुलं असतात, त्यात बुरशी नि कीटकनाशक आहे का बघते." अ‍ॅमस्टेलव्हीनच्या आमच्या घराजवळच्या भारतीय दुकानात ती कोथिंबिरीची जुडी वरून, मधून आणि बुडातून उघडून बघते, दुकानदाराने बोलणं कधीच सोडून दिलंय. गेल्या वर्षी आमच्या गणपतीत तर तिने पूजेआधीच शेवंतीची फुलं एकेक करून हुंगली. "अगं, हुंगलेलं फूल देवाला चालत नाही," माझी बायको कळवळली. "देव आजारी पडत नाही, ताई. प्रसादाबरोबर हीच फुलं हातात येतात ती माणसांच्या." बायकोने दुसरी फुलं आणली. तीही हिने दारातच हुंगली.

हे सगळं मी हसत सांगत असे, कारण तोवर ते माझ्यावर शेकलं नव्हतं. पाठीच्या ऑपरेशननंतर माझ्या डाव्या पायातली नस सतत जळत असते, आणि त्यावर मला लागू पडलेलं एकच औषध म्हणजे हिच्या प्रयोगशाळेतून जाणारी ती फुलं. या वसंतात एका मालात बुरशीचं विष मर्यादेच्या किंचित वर निघालं. तिचा साहेब म्हणाला, दुसरा नमुना घे, नाही जमलं तर तिसरा. "पास होईपर्यंतच तपासायचं असेल, तर तपासायचं कशाला?" असं विचारून हिने सही नाकारली. माल अडला आणि औषधाच्या दुकानातला साठा संपला. बायको फोनवर रडली, "तुझ्या भाऊजींचं औषध आहे गं ते." "म्हणूनच," ती म्हणाली.

मी चिडलो होतो, खोटं कशाला सांगू? पण नवा माल येईपर्यंत ती रोज कामावरून थेट ट्रामने आमच्याकडे यायची आणि माझ्या पायावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसायची. एकदा कळ सोसवेना तेव्हा मी म्हटलं, "एक सही केली असतीस तर?"

"नसती केली, भाऊजी." तिने पट्टी बदलली.

यंदाच्या गणपतीत बायकोने शेवंतीची परडी देवाकडे नेता नेता बहिणीपुढे धरली. "आधी तू बघ." ती परडी हातात घेऊन नुसतीच उभी राहिली. डोळे भरून आले होते. "नाक चोंदलंय गं माझं," ती कशीबशी म्हणाली.

मग पाय ओढत मी उठलो आणि फुलं मीच हुंगली.

"बुडातली पण?" तिने विचारलं.

"बुडातली पण," मी म्हणालो.