बोट न दाखवणारे मामा

मामांनी कुठल्याही पाखराकडे कधी बोट दाखवलं नाही. पाखरू दिसलं की त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि मान जराशी वळवून म्हणायचे, "हाय तितं. गुपचूप बघा." एकदा मी उत्साहाने बोट वर केलं, तर हातावर खाडकन फटका बसला. "बेडा! नगं! बोट केलं की त्याला कळतंय."

मामांनी जन्मभर माळावर मेंढरं राखली. घरात कानडी, माझ्याशी मराठी. नात्याने माझे कुणी नव्हते, सगळा गावच त्यांना मामा म्हणायचा. मी शाळेत शिकवतो म्हणून मला मास्तर म्हणायचे. दर रविवारी शहरातल्या सात रस्ता चौकातून स्कूटर काढायची आणि त्यांचं गाव गाठायचं, हा माझा नेम होता.

एकदा मी त्यांना एका जुन्या इंग्रजी पुस्तकातला मजकूर मराठीत करून ऐकवला. नवी पाखरं शोधत, मारून गोळा करत हिंडणाऱ्या कुणा गोऱ्या साहेबाने लिहिलं होतं, 'हा पक्षी मला एका नेटिवाने आणून दिला.' पक्ष्याला नाव मात्र साहेबाच्या दोस्ताचं. मामा भडकले. "त्या नेटिवाला आईबापानं नाव ठेवलं न्हवतं व्हय? हुडकलं त्यानं की!" मीही तावातावाने साहेबाला शिव्या घातल्या. त्या शिव्या आठवल्या की आज स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

कारण त्याच श्रावणात मामांनी मला तणमोराचं घरटं दाखवलं. गवतात राहणारा हा पक्षी आता संपतच आलाय. जमिनीवर चार अंडी, आणि त्यांवर मादी दबून बसलेली. "कुणाला सांगू नका मास्तर," मामा कुजबुजले. "पिल्लं निघूस्तवर तरी."

संध्याकाळी मी पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर फोटो टाकला. माळाचं नाव, ओढ्याची खूण, ठळक अक्षरात माझं नाव. शेवटी एक ओळ: 'स्थानिक वाटाड्याच्या मदतीने.' मग अभिनंदनं वाचत बसलो.

पुढच्या रविवारी माळावर सहा गाड्या उभ्या होत्या. गवत चाकांखाली चिरडलेलं. हातभर लांब लेन्स घेऊन माणसं पोटावर सरकत होती. फोटोत आडवं येतं म्हणून एकाने घरट्यावरचं गवत चक्क कातरलं होतं! आणि हे निसर्गप्रेमी! साहेब निदान पाखरू मारलं की मारलं म्हणून लिहून तरी ठेवायचा. यांना फक्त पाहिलेल्या पक्ष्यांच्या यादीत खूण करायची असते. पण यांना बोलावणारा नालायक मीच. मादी उडाली ती परत आलीच नाही. उघडी पडलेली अंडी कावळ्यांनी फोडली.

मामा लांब उभे होते. गाडीतल्या कुणीतरी त्यांना माझी पोस्ट कौतुकाने वाचून दाखवली होती. मी जवळ गेलो.

"सायेब," ते म्हणाले. मास्तर नाही, सायेब. "माळाचं नाव सांगितलं, माझं न्हाय सांगितलं. उलटं करायचं हुतं की."

त्यानंतर मी गेलो की घरात बसवून चहा द्यायचे. माळावर कधी नेलं नाही.

परवा मामा गेले. ग्रुपवर शोकसंदेश आला, 'एक स्थानिक वाटाड्या हरपला.' खाली हात जोडणाऱ्यांची रांग. कोण गेलं, हे विचारायची एकालाही गरज वाटली नाही. माझं डोकं सणकलं. मी लिहिलं: 'त्यांचं नाव सिद्राम मलकप्पा. तणमोर त्यांनी शोधला होता, मी नाही. मी त्याचं घरटं मोडलं.'

मिनिटभरात एका नव्या मेंबरने विचारलं, 'सर, तो माळ नेमका कुठला?'

त्याला मी उत्तर दिलेलं नाही. तुम्हालाही देणार नाही.